नामाशेठची बेंजो पार्टी

"अगं, निकाल तर लागू दे. आत्तापासून भांडी कशाला भरतीस?" किसनराव म्हणाले.

"पोरगी पडली तरी खोली सोडायची, निवडून आली तरी सोडायचीच," सुंदराबाई म्हणाल्या. त्यांनी कपबशा चिंध्यांत गुंडाळून गोणीच्या तळाशी ठेवल्या आणि वर पातेली रचली.

त्यांची धास्ती खोटी नव्हती. परभणीकडचं हे बौद्ध कुटुंब आमच्या घणसोली गावात नामाशेठच्या इमारतीत वीस वर्षं भाड्याने राहत होतं. आणि त्यांच्या राजश्रीने मालकाच्याच मुलाविरुद्ध, हितेशविरुद्ध, महापालिकेच्या निवडणुकीला अपक्ष अर्ज भरला! गाव हितेशचं, भावकी हितेशची. दवाखान्यात नर्स असलेली राजश्री मात्र ड्युटी संपली की भाडेकरूंचे जिने चढायची आणि पाणी किती वेळ येतं, एवढंच विचारायची.

नामाशेठ हौशी माणूस. त्यांनी निकालाआधीच गल्लीत गुलालाची पोती आणि बेंजो पार्टी आणून ठेवली होती.

दुपारी फोन आला. "आली! आपली राजी निवडून आली," म्हणत किसनराव रडायलाच लागले. सुंदराबाईंनी डोळे पुसले आणि गोणीचं तोंड घट्ट बांधलं.

संध्याकाळी राजश्री रिक्षातून उतरली तेव्हा बेंजोवाले वाद्यं आवरत होते. नामाशेठ जिन्याखाली उभे होते, शेजारी हितेश मान खाली घालून.

"काय रं, वाजवा की!" नामाशेठ खेकसले.

"शेट, पन दादा तर पडले..."

"माज्या बिल्डिंगीतली पोर निवडून आली हाय. वाजवा!"

बेंजो सुरू झाला. हितेशने मूठभर गुलाल उचलला आणि राजश्रीच्या कपाळाला लावला. "अभिनंदन, ताई," तो म्हणाला. आवाज बसलेला होता, पण म्हणाला.

एवढ्या मोठ्या, नाना जातींच्या देशाला लोकशाही झेपते का, यावर टीव्हीवर रोज घसा फोडतात. मला विचाराल तर त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत ती झेपली. माझा तर ऊर भरून आला.

मग नामाशेठ वर आले. वीस वर्षांत त्यांनी हा उंबरा ओलांडला नव्हता, भाडंसुद्धा दारातूनच न्यायचे. आज आत येऊन चटईवर बसले. त्यांना गोणी दिसली.

"ही कशाला बांधली?"

"तुमी सांगायच्या आधीच निघावं म्हटलं, शेट," सुंदराबाई म्हणाल्या.

"आनि मी पान्याची तक्रार कोनाकडं नेऊ? तिसऱ्या माल्यावर थेंब चढत नाय." ते राजश्रीकडे वळले. "कवा बघशील, नगरसेविकाबाई?"

"उद्या सकाळीच, काका."

"मंग चहा टाका."

सुंदराबाईंनी गोणी सोडली. कपबशा तळाशी होत्या, त्यामुळे सगळीच भांडी बाहेर काढावी लागली.