दोनवर काटा

स्टीवनचा फोन आला तेव्हा डेन्झिल हाटकेशच्या आपल्या गॅरेजमध्ये एका टेम्पोखाली आडवा पडला होता.

"दादा, काशिमिऱ्यापर्यंत आलोय. गाडी दाबली की प्रेशरचा मीटर दोन दाखवतोय. एवढं चालंल ना?"

धाकट्या भावाच्या गाडीच्या टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राचा, दाब डेन्झिलनेच वाढवून दिला होता. त्याच्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये तेव्हाही दोनच दिसायचं. त्यातला एक बाहेरच्या हवेचा दाब, तो सगळीकडे असतोच. उरलेला एक टर्बोचा.

"दोन म्हंजे खरा एकच. बिनधास्त जा," तो म्हणाला आणि पुन्हा पान्याकडे वळला.

वरसावे पुलाच्या चढावर स्टीवनच्या गाडीचं इंजिन फुटलं. गाडी अचानक मंदावली आणि मागच्या ट्रकने ठोकलं. स्टीवन वाचला. त्याच्या बायकोची, जेसिकाची, गळ्याजवळची हाडं मोडली.

दुसऱ्या दिवशी टोचन लावून गाडी गॅरेजवर आणली. बॉनेट उघडल्यावर डेन्झिलला दिसलं, की टर्बोचा दाब आवरणारी बारीक नळी चिरली होती, म्हणून दाब वाढतच गेला होता. मग तो आत बसला. स्टीअरिंगशेजारी नवा गोल मीटर होता, स्टीवनने भाईंदरला कुठेतरी बसवून घेतलेला. डेन्झिल तो पहिल्यांदाच पाहत होता. मीटर सुरू व्हावा म्हणून त्याने चावी फिरवली; इंजिन काही चालू होणार नव्हतं. काटा शून्यावर होता.

हा मीटर बाहेरची हवा धरतच नव्हता; धरत असता तर बंद गाडीतही काटा एकवर असता. याच्यावर दोन म्हणजे टर्बोचेच दोन, ठरवल्याच्या दुप्पट. "गाडी बंद असताना काटा कुठं असतो?" एवढं एकच त्याने फोनवर विचारायला हवं होतं.

तिकडे आपल्या डोंगरी गावात स्टीवन भेटेल त्याला सांगत होता, "माझीच चूक. मीच पाय दाबला." जेसिका दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

"तू गप राहा," डेन्झिलची बायको कार्मिन म्हणाली. "त्यानं तुझं नाव घेतलंय का? नळी काय तू चिरलीस?"

ती रात्रभर हेच म्हणत राहिली, आणि तिचं खोटंही नव्हतं. तरी सकाळी तो जेसिका होती त्या दवाखान्यात गेला. स्टीवन तिच्या खाटेच्या पायथ्याशी बसला होता. डेन्झिलने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

"त्यानं विचारलं व्हतं, जेसिका. थांब म्हणायचं तर मीच जा म्हटलं."

"माझी आई मागच्या सीटवर बसणार व्हती त्या दिवशी," ती म्हणाली. "ताप आला म्हणून राहिली. तुमाला एक प्रश्न विचारता आला न्हाय, दादा?"

स्टीवन उठला आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"स्टीवन," जेसिकाने दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला हाक मारली, "उशी वर घे जरा."

तो धावत आला. दोघं उशी सावरण्यात गुंतली. डेन्झिलला कोणी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोडा वेळ थांबून तो जिना उतरू लागला.