थोरलीचं रक्त

सासूबाई लाँड्रीच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना उचलून दवाखान्यात नेलं ते थोरल्या सुनेनं. लाँड्री दोघी मिळूनच चालवत. हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, वाफेवर इस्त्री करायची, मग समोरासमोर उभं राहून, दोन-दोन टोकं धरून घड्या घालायच्या. इतकी वर्षं असं समोर उभं राहूनही सासूबाईंच्या तोंडी कौतुक मात्र धाकटीचं. पिकतं तिथे विकत नाही, तसं थोरलीचं झालं होतं.

धाकटी नोकरीसाठी परगावी राहायची, सुट्टीपुरती यायची. तिच्या मनगटावर एक उडता पक्षी गोंदलेला होता. थोरलीची लाल ओढणीसुद्धा ज्यांना भडक वाटायची, त्या सासूबाई पक्षी पाहून म्हणायच्या, “तिला शोभतं हो.” ते ऐकून थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. अशाच एका तिरीमिरीत तिनं बाजारात जाऊन कानाच्या वरच्या कडेला टोचून घेतलं आणि बारीक खडा घातला. कान सुजला, त्या कुशीवर झोपता येईना. सासूबाईंनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

या गोष्टीला महिनाही झाला नव्हता, तोच हा अपघात. ऑपरेशन ठरलं आणि दवाखान्यानं घरच्यांना जमलं तर रक्तदान करायला सांगितलं. धाकटी मिळेल त्या बसनं आली. मी तर नेहमीच रक्त देते, असं ती म्हणाली, आणि दुखण्यानं वाकडा झालेला सासूबाईंचा चेहरा खुलला. गोंदलेल्या-टोचलेल्यांचं रक्त घेत नाहीत, असं थोरलीनं कुठंतरी ऐकलं होतं. ती बाथरूममध्ये गेली, खडा काढून पर्समध्ये टाकला आणि केस कानावर ओढून घेतले.

रक्तपेढीतल्या समुपदेशक बाई एकेकीला आत बोलावून विचारत होत्या. आजार, औषधं, मग अलीकडे कुठे गोंदलंय का, टोचलंय का. थोरलीनं नाही म्हणून सांगितलं, आणि कुणी न विचारता वर जोडलं, “माझ्या जावेच्या हातावर मात्र गोंदलेलं आहे. तिला नीट विचारा.”

थोड्या वेळानं, थोरली रक्त देत असतानाच, शेजारच्या पलंगावर धाकटी येऊन पडली, तेव्हा थोरलीचा चेहराच उतरला. तुला कसं घेतलं, असं तिनं विचारलंच.

धाकटी सहज सांगू लागली. पक्षी लग्नाआधीचा, त्याला कितीतरी वर्षं झाली. गोंदलं किंवा टोचलं की ठरलेली मुदत जाऊ द्यावी लागते, कारण सुईतून काही रोग आलाच, तर तो लगेच तपासणीत सापडेल असं नसतं. “मलाही तेव्हा परत पाठवलं होतं, ताई. रडले होते मी.”

थोरलीचा कान ठणकत होता आणि पिशवी भरत होती.

वर वॉर्डात सासूबाईंनी तिचा हात धरला. “थोरले, आता तुझं रक्त माझ्या अंगात खेळणार.” धाकटीचा रक्तगट जुळला नव्हता; ती पायथ्याशी नुसती उभी होती. थोरलीला वाटलं, हा हात असाच राहावा. ती किती तरी वेळ हलली नाही. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईला रक्त चढत होतं, थेंब थेंब, आणि ती बाई डोळे मिटून निर्धास्त पडली होती. थोरलीला ते बघवेना. पाणी आणते म्हणून ती उठली आणि खाली गेली.

“माझी पिशवी कुणाला देऊ नका,” ती समुपदेशक बाईंना म्हणाली आणि केस मागे केले.

बाई रागावल्या नाहीत. कधी टोचलं ते विचारलं आणि पिशवी लगेच बाजूला काढायला लावली. असं परत येऊन सांगणारे असतात, आणि आलेलंच बरं, असं म्हणाल्या. मुदत संपल्यावर या, तोवर कान डॉक्टरांना दाखवा.

“वर कळवणार?” थोरलीनं विचारलं.

“नाही. ते आपल्यातच राहील.”

म्हणजे गप्प बसता आलं असतं. जिना चढताना तिनं तसं ठरवलंही. पण वर सासूबाई नर्सला मोठ्या अभिमानानं थोरलीनं रक्त दिल्याचं सांगत होत्या, आणि ते तिला ऐकवेना.

“आई, माझं रक्त चालणार नाही. मी खोटं बोलले.” तिनं कान दाखवला.

सासूबाईंनी सुजलेला कान पाहिला. “आणि हे कशाला केलंस?”

“तुम्ही तिला म्हणता ना, शोभतं म्हणून.”

सासूबाईंनी मान वळवली. मग हळूच म्हणाल्या, “रोज समोर असतेस गं. म्हणून बघायचं राहून जातं.” धाकटीनं पुढे होऊन कान पाहिला आणि आपल्याकडचं मलम देऊ केलं. इतका समजूतदारपणा थोरलीला अजिबात सोसला नाही, तरी मलम तिनं घेतलं.

संध्याकाळी दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, येऊन पोचला आणि त्यानं रक्त दिलं. ऑपरेशन नीट पार पडलं.

मुदत संपल्यावर थोरली एकटीच जाऊन रक्त देऊन आली. घरी येताच सासूबाईंना सांगितलं, आणि मग, काही गरज नसताना, तेच सांगायला धाकटीलाही फोन लावला.