थोरल्याचा दुसरा फासा

कुरुंद्याच्या आमच्या मळ्यात विहीर एक, मोटार एक आणि भाऊ दोन. लाईट आठ तास. सासऱ्यांनी वाटणी करतानाच ठरवून दिलं होतं, सकाळी थोरल्यानं उपड्या घमेल्यावर फासा टाकायचा. जेवढे ठिपके तेवढे तास पाणी त्याच्या हळदीला, उरलेले धाकट्याच्या. दान आवडलं नाही तर थोरल्यानं एकदा पुन्हा टाकावं, हा त्याचा मान. दुसरं दान मात्र पत्करायचं.

त्या दुसऱ्या फाशावरून माझ्या नवऱ्यानं, संतरामनं, भावाचा दात पाडला होता. थोरल्या माणिकरावांनी त्याची बरगडी मोडली होती.

बरगडीला पट्टा बांधताना मी त्याला शाळेतल्या माझ्या पोरांना सांगावा तसा हिशेब सांगितला. "एका फाशाची सरासरी साडेतीन. दादा सहाशिवाय थांबत नाहीत. म्हणजे सहातून एकदा सहा तास, बाकी पाच वेळा पुन्हा साडेतीनच. सरासरी चारला पाच मिनिटं कमी. चार-पाचावर थांबले असते तर त्यांना सव्वाचार मिळाले असते. त्यांच्या हावेनं निम्म्या वाटणीपेक्षा रोज पाच मिनिटं जास्तच आपल्याकडं येतात."

"मंग त्याला सारखे सहाच काहून पडून राहिले?"

"दोनदा टाकल्यावर सहा जास्त पडणारच. जवळजवळ तेवढ्याच वेळा एक-दोनही पडतात. ते तुम्ही विसरता."

"तू कोणाच्या घरची गं?" एवढंच तो म्हणाला.

त्या सकाळी माणिकरावांना पाच पडले.

"ऱ्हाऊ द्या, पाच लई झाले," जाऊबाई शालूबाई म्हणाल्या.

"सहाच पाडतो. मास्तरणीच्या नवऱ्याचं तोंड बघ कसं झालंय!" त्यांनी फासा उचलला.

ते थांबले असते तर आम्हाला तीन तास उरले असते. पुन्हा टाकल्यावर सरासरी साडेचार. मी संतरामचा दंड धरला. "टाकू द्या. अहो, त्यांना टाकू द्या!"

त्यानं मला झटकलं आणि खोऱ्याचा दांडा भावाच्या मुठीवर हाणला. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. माणिकरावांनी डाव्या हातानं त्याचे केस धरून तोंड घमेल्यावर आपटलं. शालूबाईंनी दगड मारला, तो त्याच्या पाठीत बसला. दोघं लोळत पाटात गेले. संतराम वर आला आणि त्यानं दांडा भावाच्या गळ्यावर आडवा दाबला.

"फासा बंद! म्हण, चार-चार बराबर!"

माणिकरावांचे डोळे पांढरे झाले. मी दांडा ओढत होते. त्याचं कोपर माझ्या छातीत बसलं.

"चार... चार," माणिकराव घरघरले.

संतराम उठला. तोंडातलं रक्त थुंकून हसला. "जिकलो. आता सांग तुझा हिशेब."

माणिकरावांची बोटं भलतीकडं वळली होती. शालूबाई त्यांना पदर गुंडाळत होत्या.

"पाच मिनिटं गेली," मी म्हणाले. "रोजची."

त्यानं माझ्या कानाखाली मारली. कानात नुसता सूर राहिला.

"कोणाची गेली?" माणिकरावांनी चिखलातून विचारलं.

"आमची."

ते कोपरावर उठले. मग हसू लागले, खोकत, रक्त उडवत. "तुहीच गेली का रे, संत्या? तुहीच?"

संतरामनं पुन्हा खोरं उचललं. या वेळी पातं पुढं होतं. मी मध्ये शिरले.