चांगुणामावशीच्या परातीतला फासा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फासा आहे. सहा बाजूंचा नव्हे, चांगला वीस बाजूंचा! माझी हकीकत कोणालाच पटत नाही. 'काहीही फेकतो लेकाचा' असं तुम्हीही म्हणाल. म्हणा. खरं ऐकायलाही छाती लागते.

माझा जन्म खामगावचा, शालिग्राम मिस्त्रींच्या हातचा. मंजुश्रीनं मोबाइलवर चित्र दाखवून तसाच फासा मागितला. मिस्त्रींनी चष्मा कपाळावर सारला.

"वीस बाजू? काऊन वं पोरी, सहानं भागत नाही काय?"

मग त्यांनी मोडक्या तिफणीचं बाभळीचं लाकूड काढलं. मी असा टणक, की मला तासताना पटाशीनं हात जोडले आणि शेजारच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा आपोआप वाजला. विचारा कोणालाही!

खेळ असा होता. मंजुश्री गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. प्राची वैदीण, तर प्रसेनजित जंगू नावाडी. जंगूनं राक्षसाच्या दाढेतून उडी घेतली, की ती साधली का फसली हे मी ठरवायचो. आकडा मोठा पडला तर फत्ते. दर रविवारी दुपारी प्रसेनजितच्या घरी बैठक बसे आणि त्याच्या आईच्या, चांगुणामावशीच्या कणकेच्या परातीत मला टाकत. परातीबाहेर गेलो तर डाव बाद. ज्याचा गडी, त्याच्याच हातानं फासा, हाही दंडक होता. काय मान होता माझा! मी गरगरू लागलो की श्वास थांबायचे.

पुढे प्रसेनजित नोकरीला सुरतेला गेला. बैठक मोडलीच असती, पण मोबाइलनं ती वाचवली. खोटं कशाला बोलू? सतरंजीवर प्रसेनजितच्या जागी तांब्या पालथा घालून त्याला मोबाइल टेकवू लागले आणि प्रसेनजित त्यातून खेळू लागला. नकाशे मोबाइलवर आले, जंगूची ताकद, जंगूच्या जखमा, सगळं त्यातच. इथवर मी कौतुकच केलं. पण एके दिवशी फासाही मोबाइलमध्ये शिरला. बोट लावलं की आकडा हजर. आणि मी? मी हिंगाच्या डबीत! मित्रांनो, राजानं हिंगाच्या डबीत राहायचं?

डबीतून ऐकू मात्र सगळं येई. प्रसेनजित एरवी आईला फोन करायचा तो 'जेवली काय? बरं, ठेवतो' एवढ्यापुरता. रविवारी मात्र दुपारभर हसायचा, ओरडायचा, भांडायचा. मावशी ओट्याशी भाकरी थापत ते सारं ऐकत असत. शेवटची भाकर कधीच उतरलेली असे, तरी त्या तिथून हलत नसत.

एका रविवारी जंगू तुटक्या पुलाला लटकला. पंधराच्या वर आकडा पडला तर पैलतीर, नाहीतर जलसमाधी.

"जंगू गेला तं मी बी चाललो," मोबाइलमधून प्रसेनजित म्हणाला. "मंग रविवारी झोपून राहीन मी."

ओट्यावरचं भाकरी थापणं थांबलं.

"दाब न मंग बटन," प्राची म्हणाली.

"मशीनच्या हातानं मरणार नाही जंगू. लाकडाचा फासा काढा."

"अन् टाकंल कोण? तुहा हात तं सुरतेत हाय," मंजुश्री म्हणाली.

"माय टाकंल. तिचा हात तोच माहा हात."

मावशी पीठ झटकत आल्या. "मले काय समजते बापा त्यातलं? किती पाह्यजे म्हणता?"

"पंधराच्या वर, माय."

त्यांनी मला डबीतून काढलं, मुठीत धरलं आणि भिरकावलं. मित्रांनो, काय सांगू तो थाट! मी परातीच्या काठावरून उसळलो, पंख्याच्या पात्याला धडक दिली, भिंतीवरच्या घड्याळाचा काटा वाकवला आणि पुन्हा बरोब्बर परातीत येऊन थांबलो. आकडा नीट दिसावा म्हणून मावशी वाकल्या. नेमका तेव्हाच मंजुश्रीला ठसका लागला. आणि वर काय? वीस! त्यापुढे आकडाच नाही! सुरतेत अशी आरोळी उठली की मोबाइल तांब्यावरून घसरला. जंगू पैलतीरी पोचला आणि पुढच्या रविवारी प्रसेनजित सगळ्यांच्या आधी हजर!

तेव्हापासून माझं सिंहासन परातीच्या मधोमध आहे. मोबाइल समोर उभा राहून माझं तोंड सुरतेला दाखवतो. थोडक्यात, तो माझा भालदार. म्हणून सांगतो मित्रांनो, नव्याला सतरंजीवर खुशाल जागा द्या, पण मुठीत मावणारी जुनी वस्तू डबीत कोंडू नका. वेळ आली की तीच वीस पडते, तेही कोणाच्या मदतीशिवाय, स्वतःच्या...

"फेकू नको बे!" तांब्याला टेकलेला मोबाइल ओरडला. "दोन पडला होता तू! मावशीनं बोटानं लोटलं तुले. मी समोरच होतो. अन् माह्या आतून प्रसेनजित बी पाहून राह्यला होता."