तिघांच्या हातांचा काटकोन

अठ्ठ्याऐंशी साल. वाळूजला तेव्हा आठवड्याला एक शेड उभं राहत होतं आणि डिप्लोमावाल्याला कुणीही सुपरवायझर करत होतं. त्या लाटेत मीही लागलो. बद्रीनाथ, वय तेवीस, अक्कल अंदाजे.

आदल्या दिवशी मोतीराम मिस्त्री म्हणाला, "सायेब, उद्या नामांतराचा मोर्चा हाय. म्या येनार नाय."

"विद्यापीठाची पाटी बदलून भिंत सरळ होते का रे?" मी विचारलं. तो टेप आणि काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या पिशवीत टाकून निघून गेला.

आता पायाचा कोपरा चार वाजेपर्यंत आखायचा होता. कंपनीच्या साहेबांनी बजावलं होतं, वाकडा निघाला तर ज्याची चूक त्याचं नाव हजेरीतून उडणार. कुणाचं उडवायचं हे मी सकाळीच ठरवून टाकलं होतं. मोतीरामचं.

शहर बंद, त्यामुळं औरंगपुऱ्याच्या बाजारातून दुसरा टेप यायची सोय नव्हती. पण डिप्लोमा कशासाठी केला? मी मजुरांना गोळा करून भाषण ठोकलं. तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, म्हणजे पाचाचा वर्ग. दोन बाजू तीन आणि चार, तिरकं पाच, की कोपरा काटकोनात. माप कुठलंही चालतं, फूट काय नि हात काय! आपण चौपट घेऊ: बारा हात, सोळा हात, तिरके वीस.

काम लवकर उरकावं म्हणून मी ते वाटून दिलं. बारा हात ताडमाड आप्पानं मोजले, सोळा त्याच्या पुतण्यानं, मल्हारीनं. तिरके वीस मी स्वतः, कारण अवघड काम शिकलेल्यानं करावं. मल्हारीची आई राजाबाई पाण्याची घागर घेऊन उभी होती. ती तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, भूमिती बघून बाई लाजली.

चारला साहेब आले, खिशातून स्वतःचा टेप काढला, दोन्ही बाजू मोजल्या आणि मग कर्ण. अडीच फूट कमी.

"ही कुणाची करामत?"

"मोतीराम मिस्त्री, सर. मोर्चाला पळाला."

साहेबांनी हजेरीपट मागितला, पेन उघडलं.

"आवं, त्यो इथं नव्हताच, मग चुकला कसा?" राजाबाईनं घागर खाली ठेवली. "आमी हातानं मोजून घोंगड्या इकतो. गिऱ्हाईक लांब हाताचा पाव्हना आनतं, आमी आखूड हाताची पोर बशिवतो. लई भांडनं व्हत्यात. म्हून आमच्यात रीत हाय, ज्याच्या हातानं सुरू, त्याच्याच हातानं शेवट. हितं तर तिघांचे तीन हात!"

माझ्या कानशिलात कुणी हाणली असती तरी चाललं असतं. तिनं पदर खोचला, मातीत बसली आणि बारा, सोळा, वीस हात एकटीनं मोजून खुंट्या ठोकल्या. साहेबांनी टेप लावला. बरोब्बर.

पेन अजून उघडंच होतं. मोतीरामच्या नावाशी निब थांबलं होतं.

"चूक माझी," मी म्हणालो. इतकं हळू, की साहेबांनी परत म्हणायला लावलं. मी परत म्हणालो.

"मग उद्यापासून मिस्त्रीच्या हाताखाली लागा."

दुसऱ्या दिवशी मोतीराम आला. घसा बसलेला, पाय सुजलेले. त्यानं कोपऱ्यात गुण्या बसवला, डोळा बारीक करून पाहिलं.

"कुनी आखला?"

मी मान खाली घातली. राजाबाई म्हणाली, "हात माजा, पर इद्या ह्या सायबाची. तीन, चार, पाच. लई चांगलं शिकिवलं त्यानं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोतीरामनं गुण्या माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या कोपऱ्याकडं चालू लागला.