विलासभाऊंचं कन्व्हर्जन

खुशनुमाचा पाय टेबलाखाली शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत होता. चाकणच्या त्या पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ती क्वालिटीला होती, अजून ट्रेनीच. जेवणाच्या सुट्टीआधी ऑडिटर येणार होता आणि त्याला गाडीच्या दाराच्या बिजागरीचा पहिला, कित्येक वर्षांपूर्वीचा तपासणी रिपोर्ट बघायचा होता.

"रिपोर्ट दाखवला तर तू कायम," मालक सोपानरावांनी सांगितलं होतं. "न्हाई दाखवला तर निगडीला जायला बस कायम हाय."

रिपोर्टची फाईल समोरच होती. फक्त उघडत नव्हती. फाईलचा प्रकार चुकीचा आहे, असं एक्सेल दर खेपेला तितक्याच शांतपणे सांगत होतं.

"कशी उघडंना? मी सोता कन्व्हर्ट केलीय," ऑफिसचे विलासभाऊ म्हणाले.

"कशी केलीत?"

"दसऱ्याच्या साफसफाईत. जुन्या सगळ्या फायली धरल्या, राइट क्लिक, रिनेम, शेवटी एक्सएलएसएक्स. एका दुपारीत फोल्डर नवंकोरं!"

"भाऊ, बैलाच्या पाठीवर ट्रॅक्टर लिहिलं तर तो डिझेल पितो का?"

विलासभाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. "आमचा पिला असता. लय हावरा व्हता."

फाईलच्या नावाची मूळ शेपटी, म्हणजे एक्स्टेन्शन, त्यांना आठवेना. खुशनुमा उठली, बसली, परत उठली. तिने एक्सएलएस लावून पाहिलं, नाही. सीएसव्ही लावलं, तर पडदाभर चौकोन.

"दिसतंय की कायतरी," विलासभाऊ म्हणाले. "तसाबी ऑडिटरला चष्मा हाय."

"ही फाईल बनवली कुठल्या कॉम्प्युटरवर?"

तो स्टोअरमध्ये होता. दर दसऱ्याला त्याला हार, हळदकुंकू, पुढ्यात नारळ. बटण मात्र कित्येक वर्षांत कुणी दाबलं नव्हतं. आता दाबून उपयोगही नव्हता, कारण तो फ्लॉपीवरच सुरू व्हायचा आणि फ्लॉपीच्या फटीत कुणीतरी श्रद्धेनं सुपारी बसवली होती. खुशनुमाने ओढणीने कुंकू पुसलं. खाली स्टिकर निघाला: लोटस, एक्सेलच्या आधीचा हिशेबाचा प्रोग्राम.

ती पळतच आली. एक्सएलएसएक्स खोडून तिने लोटसची शेपटी डब्ल्यूके१ लिहिली आणि फाईल जुनं सगळं उघडणाऱ्या लिबरऑफिसमध्ये टाकली. बिजागरीची मापं ओळीने उभी राहिली.

"हे बघा. आता सेव्ह ॲज. याला कन्व्हर्ट म्हणतात."

"एकच हाय ते. तुझं जरा लांबून जातं."

ऑडिटर आला, मापं बघितली, चहाला नको म्हणत दोन कप प्यायला आणि सही करून गेला.

"विलास, पोरीचं कायम केल्याचं पत्र मेल कर," सोपानराव म्हणाले. "पीडीएफमधी."

बस स्टॉपवर मेल आला. पत्र उघडेना. पाय परत सुरू झाला. तिने फोन लावला.

"भाऊ, पत्र लिहिलंत कशात?"

"वर्डमधी."

"आणि पीडीएफ कशी केलीत?"

"तशीच की. राइट क्लिक, रिनेम."

तिने शेपटी बदलून वर्डची डॉकएक्स केली. पत्र उघडलं. ती कायम झाली होती. पगार ठरल्याप्रमाणे. पद: फाईल कन्व्हर्जन, विलासभाऊंच्या हाताखाली.

निगडीची बस आली आणि गेली. खुशनुमाचा पाय हलतच होता.