व्याह्यांनी खणलेला बोगदा

मी बोगदा बोलतोय. खाली फानरांगचा तापलेला किनारा, वर दालातचं गार पठार, आणि मधल्या डोंगराच्या पोटात मी.

फ्रेंच साहेबांना किनाऱ्यावरचा उकाडा सोसेना, म्हणून त्यांनी आगगाडीलाच डोंगर चढायला लावलं. चढ इतका उभा की साध्या रुळांवरून गाडी मागे घसरली असती. मग दोन रुळांच्या मधोमध तिसरा दातेरी रूळ टाकला आणि इंजिनाच्या पोटाखाली दातेरी चाक बसवलं. दातात दात अडकवत गाडी वर सरकायची. जिथे तेवढ्यानंही भागेना, तिथे आम्हा बोगद्यांना जन्माला घातलं.

मला दोन्ही बाजूंनी खणायला घेतलं. खालून तुओंग मुकादम, वरून ख्वात मुकादम. साहेबांनी ओळंबे सोडून, दुर्बिणी लावून रेघ आखून दिली होती. दोघांनी मधोमध भेटायचं होतं. साहेबांना एवढंच ठाऊक नव्हतं, की हे दोघे व्याही आहेत आणि मुलांच्या लग्नापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

कारण काय, तर डुकराचं डोकं. लग्नात तुओंगने मुलाकडच्यांतर्फे वाजतगाजत अख्खं भाजलेलं डुक्कर पाठवलं. त्यातला मानाचा भाग, म्हणजे डोकं, मुलीकडच्यांनी परत धाडायचा, असा रिवाज. ते काही परत आलं नाही. ख्वात म्हणे, गर्दीत कोणी खाल्लं कोण जाणे. तुओंग म्हणे, मुद्दाम ठेवून घेतलं. मी अस्सल दगड, पण मलाही हसू आवरेना.

पायपीट झाली ती थ्वाची. ती ख्वातची मुलगी आणि तुओंगची सून. सासऱ्याला भात आणि सुकी मासळी द्यायची, मग डोंगर ओलांडून बापाला. डबा उघडताना दोघेही हळूच विचारत, "त्यांचं कुठवर आलं?" दोघांनाही पुढे राहायचं होतं. या चढाओढीत मी भराभर पोखरला गेलो, आणि वरच्या बाजूला छताला टेकू द्यायचे राहून गेले.

पावसानं भिजलेलं ते छत एके दुपारी ख्वातच्या पाठीमागे कोसळलं. ख्वात आणि त्याचे गडी आत अडकले. मागे ढिगारा, पुढे कातळ. खबर आली तेव्हा थ्वा खालच्या बाजूला सासऱ्याजवळ होती. साहेब म्हणाले, ढिगारा उपसावा तर वरून आणखी माती येतेय, आणि इकडून सुरुंग लावावा तर आतली माणसंच मरतील. एवढं सांगून ते कपाळ पुसत राहिले.

थ्वा रडली नाही. "मामंजी, तुमचा रुसवा नंतर काढा," ती म्हणाली. "आधी बाबांना बाहेर काढा."

तुओंगने सदरा काढला आणि छिन्नी-हातोडा उचलला. गडी आळीपाळीनं घाव घालत होते. हा आपली पाळी संपली तरी हटेना. मधूनच कातळाला कान लावी. पलीकडून ठोकल्याचा आवाज येई, तिकडे वळे. साहेबांची रेघ बाजूलाच राहिली.

शेवटी पहार आरपार गेली.

"व्याही, आहात ना?" तुओंगने भोकाला तोंड लावून विचारलं.

पलीकडे बराच वेळ नुसता खोकला. मग आवाज आला, "आहे. ते डोकं मीच खाल्लं होतं. फार छान भाजलं होतं हो."

"मग तेव्हाच सांगायचंत. दुसरं पाठवलं असतं."

भोक रुंद केलं आणि सगळे जिवंत बाहेर आले. नंतर साहेबांनी मापं घेतली, तर मी मध्येच वाकडा. चूक कोणाची, म्हणून त्यांनी दरडावून विचारलं. तुओंगने ख्वातकडे बोट दाखवलं. ख्वात म्हणाला, "मी तर जागचा हललो नाही, साहेब. वाकडे आले ते हेच."

मग बरीच वर्षं गाड्या धावल्या. लढाया आल्या, गाड्या थांबल्या, माझे रूळ लोकांनी उपटून नेले. आता वटवाघळं असतात, आणि कॉफीची पोती लादलेल्या मोटारसायकली. वाकणावर दिवा भिंतीवर आदळला की चालवणारा शिवी हासडतो; कोण्या आंधळ्यानं खणलाय म्हणतो.

मी ऐकून घेतो. विनंती एवढीच, की तिथे जरा थांबा आणि भिंतीवरून हात फिरवा. छिन्नीचे बारीक घाव लागतील. सगळे एकाच बाजूला वळलेत, माणसं ठोकत होती त्या बाजूला.